स्टिअरिंगचा दिवा

पुंडलिकनगरात आकाशचं छोटंसं गॅरेज होतं. गल्लीतल्या राजनंदिनीताईंच्या गाडीत स्टिअरिंगचा पिवळा दिवा सारखा लागत होता. कंपनीच्या वर्कशॉपात लवकर नंबर लागेना आणि आईला घेऊन पैठणला जायचं ठरलेलं. आकाशनं आपला लॅपटॉप जोडला. त्यातलं सॉफ्टवेअर मेकॅनिकांच्या ग्रुपवरून फुकटात उतरवलेलं. त्यात ताईंचं नवं मॉडेल नव्हतंच. त्यानं त्यातल्या त्यात जवळचं जुनं मॉडेल निवडून सेटिंग चढवली. दिवा विझला. ताई खुशीत निघाल्या.

चहा पिताना त्यानं सहज ग्रुप उघडला. परभणीच्या एकानं लिहिलं होतं, ‘नव्या गाडीवर जुनी सेटिंग टाकू नका. दिवा जातो, बिघाड तसाच राहतो. माझ्या गिऱ्हाइकाचं स्टिअरिंग चालत्या गाडीत दगडासारखं जड झालं.’

आकाशनं चहा तसाच ठेवला. त्यानं ताईंना फोन लावला. उचलला तो ताईंच्या आईनं, द्वारकाबाईंनी.

“मावशी, कुठं आहात?”

“चितेगाव आलंय बघ. ती गाडी चालवायलीय.”

“तिला म्हणावं हळू कर, गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता!”

पलीकडं बोलणं झालं. मग एक किंकाळी, आणि फोन बंद.

मोटरसायकल कशी काढली, त्याचं त्यालाच कळलं नाही. पैठण रोडवर समोरून कंटेनरमागून कंटेनर येत होते. चितेगावच्या पुढं माणसं जमलेली दिसली, तेव्हा गाडी थांबवायचीही त्याला भीती वाटली.

कार रस्ता सोडून बाभळीला टेकली होती. द्वारकाबाईंच्या कपाळाला रुमाल बांधलेला. ताई जमिनीवर बसल्या होत्या.

“तू सांगितलंस म्हणून हळू केली होती,” त्या म्हणाल्या, “वळणावर चाकच वळेना. समोरून ट्रक होता रे.”

आकाशनं खाली मान घालून सगळं सांगितलं. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं,

“अजून कुणाच्या गाडीला टाकलंस हे?”

शाळेची व्हॅन! परवाच तिलाही त्यानं हीच सेटिंग टाकली होती, आणि ती पण नवीच. शाळा सुटायची वेळ झाली होती. त्यानं ड्रायव्हर धोंडिबाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला.

“बोल की,” धोंडिबा म्हणाला. मागं पोरांचा कलकलाट.

“काका, व्हॅन चालू आहे का?”

“नाय, गेटवरच उभी हाय. पोरं बसायलीत.”

“सगळ्यांना उतरवा, काका. किल्ली काढा. मी येतोय.”