पुखराजशेठची बैठक

"टाच उचलली." धनसिंग वस्तादांनी काठीचं टोक पुखराजशेठच्या घोट्याला लावलं. "उठा. पुन्हा."

शेठ धापा टाकत उभे राहिले. धुळ्याच्या पेठेत कापडाचं दुकान, दिवसभर गादीवर लोडाला टेकून बसणं, आणि देह असा की तालमीच्या बुटक्या दारातून आत यायचं म्हणजे एक कामच. अशा माणसाला पंचावन्नाव्या वर्षी बैठका मारायचं वेड का लागावं? तर थोरल्या मुलीच्या लग्नात व्याह्यांबरोबर पंगतीला बसले, ते उठेचनात. तिघांनी काखेत हात घालून उपटून काढलं, आणि सगळं वऱ्हाड पोट धरधरून हसलं. आता धाकटीचं लग्न तोंडावर आलं होतं. नवे व्याही जळगावचे प्रेमचंदजी. माणूस मनाचा चांगला, पण जीभ मिरचीची. "शेठ, पंगतीत मी तुमच्या शेजारीच बसणार हं," असं त्यांनी साखरपुड्यातच सांगून ठेवलेलं.

"वस्ताद, इज्जतीचा सवाल आहे," शेठ पहिल्या दिवशी म्हणाले होते. "हात न टेकता बसायचं, हात न टेकता उठायचं. बास."

"मग अर्ध्यावरून परत फिरायचं नाही. टाचा जमिनीला, छाती वर, गुडघे पावलांच्या रेषेत, आणि बूड गुडघ्याच्या खाली गेलंच पाहिजे. अर्धी बैठक मारून मिशीला पीळ देणारे मी ढीगभर पाहिलेत."

हे सगळं वस्ताद सांगत ते खांबाला टेकून, उभ्याने. पोरांना वाटे, वस्तादांचा रुबाबच तसा. कसला रुबाब! दोन्ही गुडघे केव्हाचे गेले होते. खाली बसलं की वर येणं नाही. घरी बायको झुंबरबाई दाराला कडी घालायची, मग त्यांच्या बगलेत खांदा देऊन त्यांना उठवायची. उभ्या धुळ्याला बैठका शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला बसता येत नाही, हे एकदा बाहेर फुटलं की उरलीसुरली पोरंही नव्या व्यायामशाळेत पळणार. मग या मातीत उरलं काय? वस्तादांना ही भीती रात्रंदिवस खायची. लपवता लपवता ते पार थकून गेले होते.

एकदा त्यांच्या खांद्यावरचा पंचा मातीत पडला. त्यांनी तो पायाच्या अंगठ्यात पकडून वर उचलला. तेवढ्यात शेठने मान वळवली आणि भिंतीवरचा मारुती बघायला लागले. बघितलं नाही, बरं झालं, असं वस्तादांना वाटलं.

शेठ मात्र चिवट निघाले. आधी खांब धरून, मग खांब सोडून, मग खांद्यांवर वाळूचं पोतं घेऊन. एके सकाळी पोत्यासकट पार खाली गेले, टाच न हलवता वर आले, आणि लहान मुलासारखे रडले.

लग्नाच्या दिवशी वस्ताद खाटेवर पडून राहिले.

"मी नही येवाव. तू जाय," ते झुंबरबाईला म्हणाले. "पंगतमा बठ्ठासले दिसी जाई." सगळ्यांसमोर उघडं पडायची धास्ती होती ती.

"नही ग्या तं शेठले वाईट वाटी," ती म्हणाली आणि धुतलेला फेटा त्यांच्या हातात दिला.

मांडवात पंगत मांडली होती. प्रेमचंदजींनी लांबूनच हाक घातली.

"या, या वस्ताद! तुमचं पान शेठच्या शेजारी. गुरू आणि चेला एकदम बसा. आज परीक्षा आहे!"

वऱ्हाडाच्या माना वळल्या. वस्ताद पानासमोर उभे राहिले. पळून जावं म्हटलं, तर ती सोयही नव्हती.

शेठने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम स्वतःचा गुडघा धरला.

"अरे देवा! सकाळपासून गुडघा धरलाय माझा. ए, दोन खुर्च्या आणि टेबल आणा रे. वस्ताद, तुम्हीही माझ्याबरोबर वरच बसा. एकट्याला लाज वाटते."

"घ्या!" प्रेमचंदजींनी टाळी वाजवली. "चार महिने तालीम, आणि अखेर खुर्चीच!"

पुन्हा तेच हसू, मांडवभर. वस्ताद खुर्चीत बसले, गुडघ्यांना आराम पडला. शेजारी शेठ मान खाली घालून रिकाम्या ताटाकडे बघत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. काल सकाळीच तालमीत पोत्यासकट बैठका मारल्या होत्या यांनी. कसला गुडघा आणि कसलं काय! म्हणजे याला माहीत होतं. त्या पंचाच्या दिवसापासून माहीत होतं. वस्तादांना भडभडून आलं. गप्प बसलं असतं तर निभावून गेलं असतं.

"प्रेमचंदजी," ते म्हणाले. आवाज तालमीतला निघाला. "शेठचा गुडघा ठणठणीत आहे. गेलेत ते माझे. दोन वर्षं झाली, मला खाली बसता येत नाही."

बायकांच्या बाजूला झुंबरबाईने पदर तोंडाला लावला.

"वस्ताद, कशाला उगीच..." शेठ पुटपुटले.

"उठा. दाखवा त्यांना."

शेठ उठले. धोतर सावरलं, पाय रोवले आणि हात पुढे धरून सावकाश खाली गेले. पार खाली. तिथे थांबले, कुठे काही न धरता. मग तसेच वर आले. कुणी हसलं नाही. प्रेमचंदजी उठले, त्यांनी आपल्या शेजारचा पाट स्वतःच्या हाताने पुसला आणि शेठला बसवून घेतलं.

"वस्ताद, तुम्हीपण इकडेच सरका," ते ओशाळून म्हणाले. "आम्ही धरू तुम्हाला. उठवूही."

धनसिंग वस्तादांनी खुर्चीला पाठ टेकली. पाय लांब केले, सगळ्यांच्या देखत.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुष्कळ दिवसांनी नीट बसलोय. वाढा."