फोनपुरता चेहरा

माझी बहीण दुखणं मोजते. तिकडे आयर्लंडमध्ये, वाचा गेलेल्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. कपाळाला आठी आहे का, मूठ आवळलीय का, हात लावला की अंग आकसतं का, ते बघायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. बिन्सीचेची, चेची म्हणजे ताई, यात हुशार आहे. तिला बक्षीस मिळालं त्याचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, येशूच्या जरा खाली.

आणि अम्मच्चीला ती रोज शून्य द्यायची.

अम्मच्ची म्हणजे आमची आई. कॅन्सर हाडात उतरलेला, खुब्यापर्यंत. त्यात मेंदूचा झटका आला आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, डोळे फिरतात, नाकात नळी. तिचं सगळं मी आणि कुंजम्मा करतो. कुंजम्मा तिची धाकटी बहीण. मी, कारण मला नोकरी नाही. कुंजम्मा, कारण तिला नवरा नाही. हे ती स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

कूस बदलताना अम्मच्चीचं तोंड वाकडं व्हायचं. आवाज नाही. वरचा ओठ दातांवरून मागं जायचा आणि माझ्या मनगटात नखं रुतायची. पंचायतीच्या जीपमधून घरोघर पेशंट बघत फिरणारी शायनी सिस्टर म्हणाली, "डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलंय. चालू करा ना, कशाची वाट बघताय?"

"बिन्सीला विचारल्याशिवाय?" कुंजम्मा म्हणाली.

आमच्या घरात तापाची गोळीसुद्धा बिन्सीचेचीला विचारून.

तर संध्याकाळचा फोन. जपमाळ संपली की कुंजम्मा अम्मच्चीचं तोंड पुसते, पावडर लावते, केस विंचरते, धुतलेला गाऊन घालते, उशांना टेकवून बसवते. चर्चच्या ग्रुप फोटोला बसवावं तसं. मग मी मोबाईल धरायचा.

"अम्मच्ची! मी बिन्सी!"

आणि अम्मच्चीचा चेहरा निवळायचा. माझ्या डोळ्यांदेखत. कपाळ सपाट, ओठ जागेवर, कोपऱ्यात हसूसुद्धा.

"बघ. कुठं दुखतंय?" चेची म्हणायची. "त्या औषधानं तिला गुंगी येईल, मला ओळखणारही नाही. नाताळला येतेय मी, तेव्हा बघू."

"चेची, ती फक्त तुझ्यासमोरच..."

"तू नर्सिंग कधी शिकलास रे? पॉलिटेक्निक तरी पुरं केलंस का?"

कुंजम्मा हसली. मीपण हसलो. काय करणार.

अम्मच्ची फोनवर चेचीला जन्मभर एकच सांगत आली. "इथं सगळं ठीक आहे, तू जेवलीस का?" गाठ लागली तेव्हाही हेच. अप्पच्चन, आमचे बाबा, गेले त्या सकाळीही हेच, कारण चेचीचा पेपर होता. मी शेजारी उभा होतो, आत त्यांचं प्रेत होतं. बोलणं गेलं, ही सवय नाही गेली.

मग मी चेचीला मेसेज केला. "दुपारी व्हिडिओ लावतो. नुसतं बघायचं. एक शब्द बोलायचा नाही. खोकायचंसुद्धा नाही."

"नाटकं कसली?"

"एकदा ऐक माझं."

मोबाईल कपाटावर मातेच्या मूर्तीला टेकवून ठेवला. पावडर नाही, काही नाही. चादर ओली झालेली, बदलायचीच होती. कुंजम्मानं पाय धरले, मी खांदा. वळवली.

ओठ मागं गेला. दात दिसले. मान ताठ, हात हवेत काहीतरी शोधत होता, मग माझं मनगट सापडलं. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही.

आणि कपाटावरून एक हुंदका आला. दाबलेला, पण आला.

अम्मच्चीनं तो ओळखला. खुबा वर, अंगाखालची चादर अर्धी निघालेली, नखं माझ्या मनगटात, आणि चेहरा सपाट झाला. ती हसली. कपाटाकडे बघून.

"फोन बंद कर," चेची म्हणाली. "बंद कर रे. आजच चालू करा औषध."

गोळी कुटायची, पाण्यात विरघळवायची, नळीतून सोडायची. दुसऱ्या दिवशी मी कूस बदलली तर अम्मच्चीचा हात माझ्या हातात नुसता पडून होता. मी परसात जाऊन रडून आलो.

संध्याकाळी फोन. अम्मच्ची झोपलेली, तोंड उघडं, लाळ.

"अम्मच्ची! बिन्सी बोलतेय! अम्मच्ची!"

काही नाही. असंच रोज.

"ऐक ना," एके दिवशी चेची म्हणाली. आवाज एकदम लहान मुलीसारखा. "उद्या संध्याकाळची गोळी फोननंतर देशील? एकच दिवस. मला एकदा तिला हसताना बघायचंय."



"दे की," कुंजम्मा कुजबुजली. "पोर एकटी आहे तिकडे. आणि एवढ्याशा वेळात काय होतंय हिला?"

दुसऱ्या संध्याकाळी कुंजम्मानं गाऊन बदलला, पावडर लावली. मी गोळी कुटली आणि वेळेवर दिली. कुंजम्मानं बघितलं. जपमाळ आवळून कोपऱ्यात बसली.

फोन वाजला. मी कॅमेरा न लावताच उचलला.

"नेट गेलंय, चेची. चित्र नाही दिसणार."

"आजच? बरं... कशी आहे ती?"

"इथं सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"