दोन जावांची खिट्टी

मी खुराड्याच्या दाराची खिट्टी. माझा आवाज म्हणाल तर एवढाच, कोयंड्यात जाताना होतो तो ‘खट्’. बाकी बोलायची मला सवय नाही. पण एका घराने आपलं सगळं बोलणं माझ्यावर सोपवलं होतं. त्यातून काय झालं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते.

माझा जन्म एका हातोडीच्या मोडक्या दांड्यातून झाला. घरातले सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आयुष्यभर सुतारकाम केलेले. दांडा मोडला तेव्हा थोरली सून म्हणाली, “टाका आता चुलीत.” नाना म्हणाले, “अगं, माझ्या हाताचा घाम प्यायलेलं लाकूड आहे हे. इतक्या लवकर नाही जाळायचं.” त्यांनी मला तासलं, एका टोकाला निमुळतं केलं, दुसऱ्या टोकाला भोक पाडलं, त्यात दोरी ओवली आणि चौकटीच्या खिळ्याला पक्की गाठ मारली.

खुराडं नानांनीच बांधलेलं. चार पायांवर उभं, जमिनीपासून उंच. भोवती तारेची जाळी. जाळीचा खालचा काठ त्यांनी हातभर बाहेर वळवून मातीत पुरला होता. “कोल्हा जाळीच्या बुडाशीच उकरतो,” ते सांगायचे. “चार पावलं मागं सरून उकरावं, एवढी अक्कल त्याला देवाने दिली नाही. म्हणून आपलं निभतं.”

पण कोंबड्या काही दिवसभर जाळीत राहणाऱ्या नव्हत्या. सकाळी दार उघडलं की त्या अंगणभर, कुंपणापलीकडे, झुडपांखाली हिंडायच्या. वर घार दिसली की कोंबडा एक विशिष्ट आवाज काढायचा, आणि सगळ्या मिळेल त्या आडोशाला पळायच्या. दिवसा त्यांचं त्या बघून घेत. दिवस मावळला की मात्र माझं काम सुरू व्हायचं.

नानांनी एक रीत घालून दिली. मी कोयंड्यात असले तर कोंबड्या आत. दोरीला लोंबकळत असले तर कोंबड्या बाहेर. “चोराला कुलूप लागतं, कोल्ह्याला खिट्टी पुरते,” असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

घरात सुना दोन. मुलगे दोघेही परगावी कामाला. सकाळी थोरली मला उपसायची, संध्याकाळी धाकटी मला बसवायची, कारण धाकटी दिवसभर शिवणकामाच्या कारखान्यात जायची आणि दिवस मावळायच्या बेताला परतायची. आल्याआल्या पायातल्या चपलाही न काढता ती इकडे यायची. आत शिरणाऱ्या प्रत्येक कोंबडीच्या पाठीला हात लावून मोजायची. थोरली स्वयंपाकघरातून ओरडायची, “भरल्या का गं सगळ्या?” आणि ही ओरडायची, “भरल्या, ताई!” मग मी खट्. मला वाटायचं, हे असंच चालत राहणार.

धाकटीने लग्नानंतर माहेरून एक कोंबडी आणली होती. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव चांदणी. टोपलीत बसून, धाकटीच्या मांडीवरून ती या घरी आली. एके दिवशी दुपारी अचानक पाहुणे आले. धाकटी कामावर होती. थोरलीने हाताला लागली ती कोंबडी धरली. संध्याकाळी धाकटी आली, भूक लागली होती म्हणून आधी जेवायला बसली. उघड्या खिडकीतून मला ऐकू येत होतं. “ताई, आज काय चव आहे!” असं ती म्हणाली. जेवून कोंबड्या मोजायला आली. एक कमी. “चांदणे, ती-ती-ती,” अशी कुंपणापर्यंत हाका मारून आली.

थोरली दारात येऊन म्हणाली, “ती ठिपक्यांची का? अगं, ती दुपारी कापली.”

धाकटीने मला हातात धरलं होतं. तिची मूठ अशी आवळली की मला वाटलं, मोडणार मी.

“मी खाल्ली ती?”

“पाहुणे दारात उभे. मी काय रंग बघत बसू? कोंबडी ती कोंबडी. त्यात काय एवढं?”

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे अगदी बंद. एका ओट्यावर स्वयंपाक करायच्या, पण मध्ये नानांना घालायच्या.

“नाना, त्यांना सांगा, दाणे संपत आलेत.”

“नाना, तिला सांगा, आणून ठेवलेत. डोळे असतील तर फळीवर दिसतील.”

“आणि मला कुणीतरी सांगा,” नाना म्हणायचे, “मी माणूस आहे की टेलिफोनची तार?”

नाना घरातली तार, मी अंगणातली. ‘भरल्या का गं’ बंद झालं. आता थोरली लांबून माझ्याकडे नुसती बघायची. मी कोयंड्यात दिसले की आत निघून जायची. आपल्यावर एवढा विश्वास आहे म्हणून आधी मला बरं वाटलं. नंतर वाटेना. मला दोनच गोष्टी सांगता येतात, आत आणि बाहेर. माणसांना त्याहून जास्त सांगायचं असतं.

चांदणीचं एक पिल्लू मात्र वाढत होतं. आईसारखंच ठिपक्यांचं. धाकटी तिला टिकली म्हणायची. माहेरचं आता तेवढंच उरलं होतं. मोजताना इतरांच्या पाठीवर हात टेकायचा, टिकलीच्या पाठीवर थांबायचा.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. दुपार कलल्यापासून वारा सुटला होता. कोंबड्या बाहेर होत्या आणि खुराड्याचं दार सारखं आपटत होतं. बिजागरी निखळेल म्हणून थोरलीने दार लोटलं आणि मला कोयंड्यात खुपसलं. थोड्या वेळाने येऊन उघडू, असं तिच्या मनात असणार. तेवढ्यात घरात नानांना दम लागला. तिने कशीबशी रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. जाताना तिने एकदा वळून पाहिलंही. पण धाकटी येईलच, ती रोजच्यासारखी कोंबड्या घालेल, असं तिने धरलं.

धाकटी आली. घराला कुलूप. शेजारणीने कुंपणावरून सांगितलं, नानांना दवाखान्यात नेलंय. धाकटीने खुराड्याकडे पाहिलं. मी कोयंड्यात. जायच्या आधी थोरलीने कोंबड्या लवकर घातलेल्या दिसतात, असं तिला वाटलं. यात तिचं तरी काय चुकलं? ती तशीच दवाखान्याकडे धावली.

दिवस मावळला तशा कोंबड्या सवयीने ओळीने आल्या. दार बंद. आधी त्यांना कळेना. एकमेकींना ढकलत त्या दाराशी दाटल्या, कुरकुरल्या. टिकलीने माझी दोरी चोचीत धरून ओढली, पुन्हा ओढली. पण कोयंड्यात घट्ट खुपसलेली मी, कोंबडीच्या ओढीने कशी निघणार? मी आतून सुटू पाहत होते, पण लाकडाला नुसतं वाटून काय होतं? शेवटी काही झाडावर चढल्या, काही छपरावर, आणि टिकली सरपणाच्या ढिगावर जाऊन बसली.

त्या दोघी नानांना घेऊन परतल्या तेव्हा अंधार पडला होता. थोरलीने विजेरीचा झोत माझ्यावर टाकला. मी कोयंड्यात. धाकटीने घातल्या, असं समजून ती आत गेली. दोघींनी मला पाहिलं आणि दोघींना पटलं. एकीने जरी ‘भरल्या का गं’ एवढं विचारलं असतं!

झुंजुमुंजू होताना कोल्हा आला. त्याबद्दल मी फार सांगणार नाही. जाळी उकरायची त्याला गरजच पडली नाही.

सकाळी थोरलीने मला उपसलं. दार उघडलं. आत कुणीच नाही. मग तिला अंगणातली पिसं दिसली.

“अगं बाई! अगं, इकडे ये लवकर!” किती काळाने तिने धाकटीला सरळ हाक मारली होती.

धाकटी धावत आली. “खिट्टी लावलेली होती ना!”

“दार आपटत होतं म्हणून लावली होती.”

“मग सांगायचं नाही?”

“कुणाला सांगू? तुझ्या तोंडाला कुलूप!”

“आणि तुमच्या?”

नाना शाल गुंडाळून पायरीवर आले होते. “कोल्ह्याच्या नावाने बोटं मोडू नका,” ते हळू म्हणाले. “आपणच पान वाढून ठेवलं त्याला.”

झाडावरच्या आणि छपरावरच्या वाचल्या होत्या. कोंबडा गेला होता. टिकली सरपणाच्या फटीत सापडली, जिवंत, पण पाठ फाटलेली. धाकटी कामावर गेली नाही. तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. थोरलीने कोमट पाणी आणलं, स्वच्छ फडकं आणलं. धाकटीने तिच्याकडे न बघता फडकं घेतलं. दोघी तशाच बसून राहिल्या. ऊन पायरीवर आलं तोवर टिकलीची मान कलली.

थोरली उठली आणि कुदळ घेऊन कुंपणाकडे गेली.

“काय करताय?” धाकटीने विचारलं.

“खड्डा.”

“कोंबडीला?”

थोरलीचा हात थांबला. “टिकलीला,” ती म्हणाली.

तिने खोल खणलं. मातीवर दगड रचले आणि दगडांवर उरलेल्या जाळीचा तुकडा पसरला, काठ बाहेर वळवून. कोल्हा उकरायला येऊ नये म्हणून.

तुम्हाला वाटेल, मग सगळं गोड झालं असेल. तसं काही झालं नाही. एका खड्ड्यात एवढं सगळं मावत नाही. पण आता संध्याकाळी थोरली स्वतः कोंबड्या आत घालते, मला बसवते आणि धाकटी आली की सांगते, “घातल्या गं सगळ्या. मोजल्या.” धाकटी “बरं” म्हणते, आणि तरीही इथे येते. मला उपसते. दार उघडून पुन्हा प्रत्येकीच्या पाठीला हात लावते. मग मला बसवून जाते. थोरली हे खिडकीतून बघते. 

दुप्पट कामाने मी झिजलेय. कोयंड्यात सैल बसते. नाना म्हणतात, नवी करू. करावी त्यांनी, मी वाईट वाटून घेणार नाही. एकच मागणं आहे. तिच्याकडून दार धरण्याचंच काम करून घ्या. बोलायचं काम तुमचं तुम्हीच करा. आम्ही लाकडाच्या जातीने कोल्ह्याला अडवू. तुमच्यातल्या अबोल्यातून वाट काढून जो येतो, त्याला आम्ही नाही अडवू शकत.

काल संध्याकाळी थोरलीचा आवाज आला, “घातल्या गं. मोजल्या.” धाकटी आली. तिचा हात माझ्यावर पडला. मी उपसली जायची वाट बघत होते. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग तिने मला अंगठ्याने आणखी थोडं आत दाबलं, आणि दार न उघडता घराकडे वळली.

वाटेत एकदा मागे वळून पाहिलं तिने. पण परत आली नाही.