गालावरची पाटी

पहाटेपासून बेकरीत पाव भाजून कॉलेजात येणाऱ्या, सगळे डुलकी म्हणत त्या पोरानं मेसोपोटेमियाचा विषय एकाच कारणासाठी घेतला होता. बाई पडद्यावर उत्खननाची चित्रं दाखवायच्या, म्हणून वर्गात तासभर अंधार असायचा.

त्या अंधारात त्याचं एवढंच मत बनलं, की मेसोपोटेमियातली माणसंही त्याच्यासारखीच दमलेली असणार. घर मातीचं, पत्रही मातीचं. घर पडलं की ढिगारा उपसायचा कंटाळा, म्हणून त्यावरच दुसरं घर. डुलकीच्या खुर्चीवरच्या कपड्यांचंही तसंच होतं. अगदी तळाशी गेल्या परीक्षेचा शर्ट होता. त्या परीक्षेत तो याच विषयात आपटला होता.

"यंदाही आपटलास तर कॉलेज बंद," ताईनं बजावलं होतं. "दोन्ही पाळ्या बेकरीत."

आज प्रात्यक्षिक होतं. ओल्या मातीच्या पाटीवर खिळ्यांसारख्या अक्षरांत एक जुना शाप कोरायचा. डुलकीनं कोरला. पाटी जरा घट्ट झाली आणि नंबर येईपर्यंत त्यानं तिच्यावर गाल टेकला.

"डुलकी!" बाईंनी हाक मारली.

तो दचकून उठला. पाटी खाली पडून फुटली. उरलेल्या तुकड्यांवर त्याचाच पाय पडला.

"बाई, होती हो. आत्ता होती."

"सगळ्या संस्कृतींचं हेच म्हणणं असतं." वह्या तपासून तपासून बाईंचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी ते कसेबसे वर केले. "थांब! गाल चोळू नकोस."

गालावर शाप उठला होता. उलटा, पण स्वच्छ. बाईंनी पर्समधला आरसा काढला.

"'जो ही पाटी फोडील...' हसू नकोस, दुसरी ओळ हलतेय."

"रडू येतंय, बाई."

"त्यानंही हलते. '...त्याचं घर ओस पडो, त्याला झोप न लागो.' शेवटचं अक्षर कुठाय?"

"दाढीत असेल."

बाईंनी दाढीत शोधलं. सापडलं. गालाचा फोटो काढून त्यांनी उत्तरपत्रिकेला जोडायचं ठरवलं आणि सुस्कारा सोडला. "पास. जा बाबा, घरी जा."

घरी ताईनं ताट वाढता वाढता विचारलं, "गालावर काय रे ते?"

"शाप आहे. मला झोप लागणार नाही म्हणे. पण पास झालो."

"झालास?" ताई आनंदानं वळली.

डुलकीचं डोकं ताटाशेजारी टेकलेलं होतं आणि तो घोरत होता. हजारो वर्षं टिकलेला शाप पहिल्याच प्रात्यक्षिकात नापास झाला होता.