मसुदाताईंचा उजवा हात

“इथे ‘कशासाठी?’ असं लिहा. जरा ठळक.”

मशीनवाल्यांनी बायकोनं सांगितलं तसं समासात ‘कशासाठी?’ लिहिलं आणि ठळक दिसावं म्हणून दोनदा गिरवलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आठ दिवसांपूर्वी ऑफिसच्या पायऱ्यांवरून घसरून तिनं मनगट मोडून घेतलं होतं. डॉक्टरांनी संमेलनाला जाऊ नका म्हणून बजावलं, तिनं मान डोलावली आणि घरी येऊन बॅग काढली. शेवटी दुकानाला दोन दिवस कुलूप लावून मशीनवाले ती बॅग उचलायला सोबत आले, आणि आता सकाळी नऊपासून तिचे लेखनिक होऊन बसले होते.

शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून गावात त्यांचं नावच मशीनवाले पडलं होतं. बायको युनिव्हर्सिटीत काय करते असं कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : “प्राध्यापकांचे कागद टाइप करते.” तसं ते अगदीच खोटं नव्हतं. ती लागली होती टायपिस्ट म्हणूनच. संशोधनासाठी निधी मागणारे प्रस्ताव टाइप करता करता तिला ते वाचायची खोड लागली. वाचता वाचता शंका यायला लागल्या. एकदा एका बड्या प्राध्यापकांना ती म्हणाली, “सर, पान चारवर तुम्ही जे म्हणता, ते पान नऊवर तुम्हीच खोडून काढलंय.” सर आधी भडकले, मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. पुढे युनिव्हर्सिटीनं प्राध्यापकांना असे प्रस्ताव नीट करून देणारा संशोधन विकास विभाग काढला, तेव्हा याच सरांनी तिला तिथे मागून घेतलं. ही गोष्ट मशीनवाल्यांना आज सकाळी कळली, तीही एका अनोळखी माणसाकडून.

हॉल मोठा होता, पंखे जुने होते. ठिकठिकाणच्या युनिव्हर्सिट्यांतली हेच काम करणारी दीडदोनशे माणसं जमली होती. भाषणं व्यासपीठावर चालली होती. पण कोपऱ्यात ‘नव्यांसाठी सल्ला’ अशी पाटी लावलेल्या या टेबलापुढची रांग काही हटत नव्हती. सगळे तिला मसुदाताई म्हणत. कुणी काहीही विचारायला आलं तरी ती आधी मसुदा मागायची, म्हणून.

आत्ता समोर बसलेली मुलगी सहा वर्षं बेडकांवर संशोधन करून या नोकरीत आली होती. तिच्याआधीचा एक जण वर्तमानपत्रातून आलेला, त्याच्याआधीचा हिशेबनीस होता.

“ताई, आमच्या सरांना हा प्रस्ताव झकास वाटतो,” मुलगी म्हणाली. “मला काहीच कळत नाहीये. माझंच काहीतरी कमी पडतंय.”

“तुला कळत नाही, तर वाचणाऱ्यालाही कळणार नाही. हेच जाऊन सरांना सांग. पण चारचौघांत नको, चहा पिताना सांग. आणि शेजारच्या इमारतीत पाण्यावर काम करणाऱ्या बाई आहेत ना? त्यांची नि सरांची गाठ घालून दे. अर्धा प्रस्ताव त्यांच्याकडे पडलाय.”

“त्या दोघांचं बोलणं नाहीये, ताई.”

“मग तुला पगार कशाचा देतात?”

मुलगी खळखळून हसली. मशीनवाल्यांनाही हसू आलं. गेली तीस वर्षं घरात भाजीचं काय नि गॅसचं काय एवढंच बोलणारी ही बाई इथे भलतीच चलाख निघाली होती. बिघडलेल्या मशीनवर नुसता कान ठेवून दुखणं कुठे आहे ते सांगणारे कारागीर त्यांनी उभ्या जन्मात दोनच पाहिले होते. ही तिसरी, आणि ती त्यांच्या घरात राहत होती.

तेवढ्यात रांग मोडून एक पिकल्या केसांचे गृहस्थ पुढे आले. दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत ते संचालक होते.

“ताई, हात काय करून घेतलात? आणि हे कोण?”

“आमचे हे.”

“अस्सं! म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्यांच्यापायी आमची फजिती झाली ते हेच तर!” ते मोकळेपणी हसले.

“सर, जाऊ द्या ना,” ती घाईनं म्हणाली.

“म्हणजे? कसली फजिती?” मशीनवाल्यांनी विचारलं.

“अहो, आमच्याकडे विभागप्रमुख म्हणून यांची निवड झाली होती. राहायची जागासुद्धा रंगवून ठेवलेली. आणि आलं ते यांचं दोन ओळींचं पत्र, घरच्या अडचणीमुळे येता येत नाही.” बोलता बोलता त्यांनी मशीनवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू ओसरलं. मग आवाज खाली आणून ते तिला म्हणाले, “तीच जागा पुन्हा निघालीय. अर्जाचा आज शेवटचा दिवस. निवृत्तीला सहा वर्षं आहेत तुमच्या अजून. निवड समिती काय ठरवायचं ते ठरवेल, पण अर्ज तर टाका.”

“बघते. पाचपर्यंत सांगते.”

ते गेले. “हं, पुढचं कोण?” ती म्हणाली. आवाजात काही फरक नव्हता. मशीनवाले लिहीत राहिले, पण त्यांच्या हातून ‘उद्दिष्ट’ दोनदा चुकलं आणि तिनं ते दोन्ही वेळा न बोलता पाहिलं.

जेवणाच्या सुटीत ते तिला काही न विचारता बाहेर आले आणि अंगणातल्या बाकावर बसले. अकरा वर्षांपूर्वी म्हणजे आई अंथरुणाला खिळली होती आणि दुकान नुकतंच मोठ्या रस्त्यावर आणलं होतं. एका दुपारी ही दुकानात आली होती, हातात लांबट पाकीट घेऊन. “जरा वेळ आहे का?” असं तिनं विचारलं होतं. ते म्हणाले होते, “आत्ता नको गं, हे शटल निसटलंय, मशीन उद्या द्यायचंय. जरा बॅटरी धर.” अर्धा तास ती बॅटरी धरून उभी राहिली. मग “चला, आईंच्या औषधाची वेळ झाली,” म्हणून निघून गेली. शटल कसं बसवलं ते त्यांना आजही अगदी स्पष्ट आठवत होतं. पाकिटात काय होतं ते मात्र त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही.

बाकावर एक बाई येऊन बसल्या. कुठल्याशा युनिव्हर्सिटीत विभागप्रमुख होत्या.

“तुम्ही ताईंचे मिस्टर ना? आम्ही पूर्वी सगळे सुटे सुटे होतो हो. आपापल्या खोलीत एकटेच. ताईंनी फोन करकरून एकेकाला शोधून काढलं. अमक्याला तमक्याचा नंबर दे, कुठे जागा निघाली की कळव, मुलाखतीला जायच्या आधी तासभर तयारी करून घे. आज इथे नऊ विभागप्रमुख आहेत. नऊ जणांनाही जागा त्यांनीच सुचवली होती.” त्या जरा थांबल्या. “त्या स्वतः अजून वरिष्ठ सहायकच आहेत. आम्हालाच वाईट वाटतं. त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द नाही.”

“माझ्यासमोरही नाही,” मशीनवाले म्हणाले.

बराच वेळ ते बसून राहिले. दुकानाचा विचार केला, गिऱ्हाइकांचा केला. कुणाच्या मशीनला काय दुखणं आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. नव्या गावात त्यांना कुत्रंही ओळखणार नव्हतं. या वयात कुणाच्या दारात उभं राहून ‘मशीन आहे का दुरुस्तीला?’ म्हणायचं? मग त्यांच्या मनात आलं, नव्या जागी सुरुवात कशी करायची, इथे एवढी माणसं नेमकं हेच विचारायला तर आली आहेत.

ते आत आले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बेडूकवाली मुलगी बसून लिहून घेत होती. रांगेत सात माणसं होती. मशीनवाले आठवे उभे राहिले.

“काका, तुम्ही घरचेच. जा ना पुढे,” समोरचा म्हणाला.

“नको. नंबरानंच येतो.”

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. लांबून बायकोकडे असं उभं राहून पाहायची त्यांना सवय नव्हती. ती प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेत होती, मध्ये तोंड घालत नव्हती. एक मुलगा रडवेला होऊन बसला आणि उठताना ताठ होऊन गेला. ती दमलेली होती. डावा हात अधूनमधून मानेवर जात होता. हे फक्त त्यांनाच कळलं असतं.

नंबर आला तेव्हा पावणेपाच झाले होते.

“बोला,” कागद सारखे करत, वर न बघता ती म्हणाली.

“मी शिलाई मशीनं दुरुस्त करतो. वय अठ्ठावन्न.” “नव्या गावात जाऊन धंदा मांडायचा म्हणतोय. ओळखपाळख कुणाचीच नाही. सुरुवात कुठून करू?”

तिनं वर पाहिलं. मुलीनं ‘शिलाई’ एवढं लिहिलं आणि पेन थांबवलं.

“अहो, काय हे...”

“खरंच विचारतोय. हत्यारं एका पेटीत मावतात माझी. तू अर्ज टाक. निवड होवो न होवो, टाक.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्या दिवशी विचारायला हवं होतं गं मी.”

तिनं चष्मा काढला, डाव्या हातानं तो पुसता येईना, तसाच टेबलावर ठेवला. मग पायानं समोरची खुर्ची थोडी पुढे सरकवली. ते बसले. मागे कुणीतरी खाकरलं.

“मागं लोक खोळंबलेत,” ते म्हणाले.

“खोळंबू देत,” ती म्हणाली.