नऊ माणसं आणि एक शेगडी

अण्णा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आता सगळ्यांनी मिळून देश बघायचा. सगळ्यांनी म्हणजे अण्णा, सासूबाई, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन पोरं. हॉटेलांत उतरायचं तर हॉटेलवाल्याला आणखी एक मजला बांधून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून चाकांवरचं घर घ्यायचं ठरलं. अर्थात वापरलेलं. नव्याची किंमत ऐकून अण्णांनी चष्मा पुसून घेतला होता, जणू दोष काचेचा होता.

तेव्हापासून घरातला प्रत्येक जण थोरल्या सुनेला एकच वाक्य ऐकवत होता. "तुझी तर मज्जाच आहे बाई! स्वयंपाकघर सोबतच!"

थोरली हसायची. आजवरच्या सहलींतून तिला समुद्र आठवायचा तो खिडकीतून, हातातल्या साबणाच्या फेसापलीकडचा. सहलीतल्या भाड्याच्या घरात निदान खिडकी एका जागी होती. आता ओटाच गावोगाव फिरणार, आणि ओट्यामागे ती. जिथे जाईल तिथे डोंगराकडे पाठ आणि पातेल्याकडे तोंड. तिला फार काही नको होतं. एकदा, एकाच सहलीत, कोरड्या हातांनी बसून समोर काय आहे ते बघायचं होतं. पण हे सांगणार कुणाला? "मग खायचं काय?" असं कुणीतरी विचारलं असतं, आणि ते विचारणारा माणूस उपाशी होता असंही निघालं असतं.

या घरात एक कायदा होता, अण्णांनी घातलेला: गाडी चालवणाऱ्याला दुसरं काम सांगायचं नाही. थोरलीचा नवरा घरची मोटार चालवायचा, त्यामुळे सहलीच्या आदल्या संध्याकाळपासून त्याला राजेपद मिळे. पाणी हातात, पान आधी वाढलेलं, मुक्कामाला पोचल्यावर पाय लांब. थोरली स्वतः रोज शाळेची बस चालवायची. सकाळी पोरं सोडायची, दुपारी आणायची, आणि घरी येऊन पदर खोचून ओट्याशी उभी राहायची. पण ती नोकरी होती. तिला गाडी चालवणं म्हणत नसत.

तर अख्खं खटलं एका रविवारी मोटारीत दाटीवाटीनं बसून जुन्या गाड्यांच्या आवारात जाऊन थडकलं. विक्रेता गोड बोलणारा होता. नऊ माणसं बघून त्याचा चेहरा खुलला, आणि अण्णांनी खर्चाची मर्यादा सांगितल्यावर बेतानंच मिटला.

पहिलं घर मोटारीला जोडून ओढायचं होतं. नवऱ्यानं त्याच्याभोवती चक्कर मारली, मग आपल्या मोटारीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड." दुसरी होती एक नीटस व्हॅन. आत सहा जणांची निजायची सोय.

"उरलेले तिघं काय टपावर?" दीर म्हणाला. "छे, ही बाद."

तिसरी मात्र सगळ्यांच्या मनात भरली. जुनी बस, आतून लाकूडकाम करून घर केलेली. मागे खाली-वर पलंग, मधे बाक, दाराजवळ ओटा, त्यावर शेगडी आणि खाली ओव्हनची भट्टी. किंमत मर्यादेच्या जराशी वर, पण हाताच्या अंतरावर.

"असं बघून कळत नाही," अण्णा म्हणाले. "निजून बघा."

झालं. चपला दाराशी काढून सगळे आपापली जागा धरून आडवे झाले. पोरं वरच्या पलंगांवर, धाकटी जाऊ खिडकीशी, अण्णा बाकावर. विक्रेत्यानं तेवढ्यात थोरलीला ओट्यापाशी गाठलं होतं. "ताई, ही भट्टी बघा. घरी नसेल एवढी मोठी. आणि ही भांडी अडकवायची सळई!"

"मावलो की सगळे!" अण्णा बाकावरून ओरडले. "एकूण एक मावला! ठरलं मग."

थोरलीनं नजरेनंच मोजलं. आठ जागा, आठ माणसं. हिशेब अगदी बरोबर होता, फक्त ती त्यात नव्हती. सासूबाई ओट्यालगतच्या खालच्या पलंगावर होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर थोरलीच्या उभ्या टाचा होत्या.

"आणि ही कुठे निजणार?" त्यांनी विचारलं.

मग दीर वरून म्हणाला, "वहिनीचं काय, सगळ्यांच्या शेवटी निजते, सगळ्यांच्या आधी उठते. दोन-चार तासांचा तर प्रश्न."

"पुढची सीट मागे पडते की," विक्रेता घाईनं म्हणाला. "चालवणाऱ्यासाठीच आहे ती. छान झोप लागते."

"ती माझी," नवरा उठून बसला. "चला, एक चक्कर मारून बघू."

"परवाना बघू? जड वाहनाचा लागेल," विक्रेता म्हणाला.

नवऱ्याच्या पाकिटातला परवाना मोटारीचा होता. सगळ्यांचे चेहरे पडले. घोडं अडलं ते असं. थोरलीनं पर्स उघडली आणि आपला परवाना विक्रेत्याच्या हातात ठेवला. ती सीटवर बसली, आरसे आपल्या मापाला वळवले, आणि त्या खच्चून भरलेल्या आवारातून बस अशी अलगद बाहेर काढली, की विक्रेत्यानं गोड बोलणं थांबवून नुसतं बोललं तर कसं वाटतं ते करून पाहिलं. "हात साफ आहे ताई."

समोर भलीमोठी काच. रस्ता, झाडं, पुलाखालचं पाणी, सगळं आपणहून तिच्याकडे येत होतं.

"अगं, माझी पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?" मागून नवऱ्याचा आवाज.

"गाडी चालवतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "स्वतः शोध."

बाटली सापडली. पण तेवढ्यात बसमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक दिवा लागला, आणि तो काही आनंदाचा नव्हता.

आवारात परत आल्यावर दीर म्हणाला, "मी काय म्हणतो, व्हॅनसुद्धा वाईट नव्हती."

"आटोपशीर आहे," धाकटी जाऊ म्हणाली.

"आणि ती मी चालवू शकतो," नवरा म्हणाला. "पोरांना तंबूत झोपवू. पोरांना आवडतंच तंबूत."

टपावर झोपायला लागेल म्हणून मघाशी बाद झालेली व्हॅन बघता बघता रुंद झाली. तिची शेगडीसुद्धा बसच्या शेगडीपेक्षा बरी निघाली.

"बस घेतलीत तर मी येते," थोरली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "व्हॅन घेतलीत तर तुम्ही सगळे जाऊन या. मी घरी राहीन."

"अगं, असं काय करतेस? तुझ्याशिवाय..." नवरा थांबला. वाक्य पुरं केलं असतं तर त्यात प्रेम किती आणि कांदा किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अण्णांनी घसा खाकरला. कायदा त्यांचाच होता, आणि आपल्याच कायद्यात सापडलेल्या माणसाची जशी होते तशी त्यांची मुद्रा झाली होती.

सासूबाई मात्र विक्रेत्याकडे वळल्या. "त्या बसमधली शेगडी न् भट्टी काढून ठेवलीत तर किती कमी कराल?"

"शेगडी काढायची?" विक्रेता दचकला. "आजी, लोक तर शेगडी बघून गाडी घेतात!"

"लोक घेत असतील. माझा पलंग तिच्याशेजारी आहे. रोज उशाशी कांदा परतलेला मला चालणार नाही, या वयात." त्यांनी थोरलीकडे पाहिलंच नाही. "त्या जागी एक फळी ठोका. निजता येईल एवढी रुंद. माझ्या उंचीची नको, हिच्या उंचीची."

विक्रेत्यानं आकडा सांगितला. मर्यादा आणि किंमत यांमधलं अंतर मिटलं. अण्णांना आता पैशाची सबबही उरली नाही, म्हणून त्यांनी जुन्या गाडीत आगीचा धोका किती असतो यावर थोडं भाषण केलं, म्हणजे निर्णय त्यांचा झाला.

परत निघताना सगळे पुन्हा मोटारीत दाटीवाटीनं बसले. थोरली मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती, हात मांडीवर. गाडी चालवता चालवता नवऱ्यानं दोनदा आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"पण मग," तो शेवटी म्हणाला, "आपण खाणार काय?"

त्याच्या शेजारी अण्णा विचारात पडले. मागे दीर विचारात पडला. तिघंही गंभीरपणे, भुवया ताणून विचार करत होते. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि उत्तर माहीत असूनही ती बाहेर बघत राहिली. त्या घरातल्या पुरुषांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता, आणि त्यांना तो नीट पडू द्यावा असं तिला वाटलं.