दोना ओतिलियाच्या शिव्या

"ए ओंडक्या! डावीकडे काय तुझा सासरा उभा आहे? मान वळवायला लाज वाटते का रे?"

मोइन्यो फुटबॉल क्लबच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला दोना ओतिलिया होती. घडीची खुर्ची, बगलेत थर्मास, हातात शिमारांवचा, म्हणजे पाल्याच्या कडू हिरव्या चहाचा, तुंबा. खुर्ची ती कुंपणाशी मांडायची, उभ्यानेच सामना बघायची, आणि शेवटची शिट्टी झाली की खुर्ची मिटून घरी न्यायची. मग खुर्ची आणायचीच कशाला, हे तिला विचारण्याची सांता ब्रिजिदा गावात कुणाची छाती नव्हती. बत्तीस वर्षं तिने गावच्या शाळेत स्वयंपाक केला होता. तीनशे पोरांना जेवायला हाका मारून तिचा आवाज असा तयार झाला होता, की म्हातारी निवृत्त झाली तरी आवाज काही निवृत्त व्हायला तयार नव्हता.

दर मोसमाला ती एक खेळाडू धरायची आणि वर्षभर त्याचा उद्धार करायची. गेली दोन वर्षं हा मान जुसेमारला मिळाला होता. मोइन्योच्या बचावफळीतला चार नंबर, वय सदतीस.

जुसेमारने एकोणीस वर्षांत सतरा क्लब पाहिले होते. उन्हाळ्यात करार व्हायचा, ईस्टरच्या आसपास संपायचा, की पुन्हा बॅग भरून दुसऱ्या गावची बस. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबातही तो आठ महिने होता, बाकावर. त्या आठ महिन्यांत पेपरात त्याचा एक फोटो आला, तोही दुसऱ्याच्या कोपरामागे अर्धा झाकलेला. बायकोने, रोझेलीने, बक्षिसांसाठी म्हणून हौसेने काचेचं कपाट करून घेतलं होतं. पंधरा वर्षं वाट पाहून तिने त्यात पाहुण्यांचे ग्लास मांडले. तो वाईट खेळायचा असं कुणीच म्हणत नव्हतं. पण जिथं तो जायचा तिथं यश एक मोसम आधी येऊन गेलेलं असायचं नाहीतर एक मोसम नंतर यायचं.

आणि यंदा, या वयात, त्याचा संघ राज्याच्या पहिल्या श्रेणीच्या उंबरठ्यावर होता. शेवटचा एक सामना घरच्या मैदानावर, आणि बरोबरी झाली तरी पुरे.

फक्त एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या क्लबात, हेडरसाठी उडी मारताना कुणाचं तरी कोपर त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते राहील, पण पुन्हा मार बसू देऊ नकोस. समोरचं त्याला स्वच्छ दिसायचं. डाव्या अंगाला मात्र दार अर्धं लोटल्यासारखं झालं होतं. हे त्याने रोझेलीलाही सांगितलं नाही. मोइन्योच्या तपासणीत डोळ्यांचा तक्ता त्याने चक्क पाठ करून म्हणून दाखवला. प्रशिक्षक आदाइर, ज्यांना सगळे प्रोफेसर म्हणत, त्यांनाही पत्ता लागला नाही. बचावपटूने डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं असतं, आणि याचा एक डोळाच मिटत आलेला!

मान वळवून वळवून किती वळवणार? चेंडू बघावा तर माणूस निसटतो. पहिल्या दोन सामन्यांत त्याची त्रेधा उडाली. मग त्याच्या ध्यानात एक गंमत आली. म्हातारी 'सासरा' म्हणाली की डावीकडे खरंच कुणीतरी असतं. 'झोपलास का' म्हणाली की पाठीमागून चेंडू येत असतो. 'पुढं हो, मुळं फुटली का पायांना' म्हणाली की पुढे व्हायचीच वेळ असते. नशीब आपलं, बाईची जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट, असं म्हणून तो त्या शिव्यांवर खेळू लागला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की म्हातारी खुर्ची उचलून, गोलामागून वळसा घालून, पलीकडच्या कुंपणाशी यायची. लोक हसायचे, "बिचाऱ्याची पाठ काही सोडत नाही!" दुसऱ्या गावी सामना असला तरी समर्थकांच्या व्हॅनमध्ये पहिली जागा तिची असायची.

आणि तिनेच घात केला. शेवटून दुसऱ्या सामन्यात जुसेमारच्या तोंडावर समोरच्याचं कोपर आलं, डोळ्यापासून बोटभर अंतरावर. लाईन्समन दहा पावलांवर उभा होता, पण निशाण काही त्याने उचललं नाही. दोना ओतिलियाने तुंबा उचलला. तो बरोबर लाईन्समनच्या दंडावर बसला आणि त्याचा पांढरा शर्ट हिरव्या पाल्याने माखला. रेफरीने अहवालात एकेक पान मोजून लिहिलं असावं. निकाल आला: मोइन्योचा पुढचा सामना बंद दरवाजाआड, प्रेक्षकांविना.

गाव दोन दिवस हसलं. जुसेमार मात्र रविवारी डावीकडून कोण ओरडणार याचा हिशेब करत बसला.

गुरुवारी सराव आटोपून तो तडक तिच्या घरी गेला. घरभर कुकाचा, द्राक्षं घातलेल्या गोड पावाचा वास सुटला होता.

"या, ओंडकेराव," ती म्हणाली. "बूट पुसून या."

"काय केलंत हे, दोना ओतिलिया! एकोणीस वर्षांत एकदा दिवस आला, आणि तुम्ही तुंबे फेकता?"

"चुकलं. हात बापाच्या वळणावर गेलाय माझा."

"चुकलं म्हणून भागतं का? रविवारी मला तुमचा..."

"माझा काय?"

"काही नाही."

ती वळून भट्टीशी गेली, आली, त्याच्या मागून फिरून परत समोर बसली. "घे, कुका खा."

जुसेमारने टेबलावर पाहिलं. "कुठंय?"

"आहे की."

त्याने समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. काही नव्हतं. शेवटी मान पुरती वळवली तेव्हा दिसलं, ताटली त्याच्या डाव्या कोपराला लागून होती. पावाची वाफ कोपराला जाणवत होती.

"माझ्या नवऱ्याचा, आन्सेल्मोचा, डोळा गिरणीत गेला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. "अठरा वर्षं मी त्याचं ताट त्याच्या चांगल्या बाजूला वाढलं. तू पहिल्याच सामन्यात मान वळवलीस ना, तेव्हाच ओळखलं मी. दोन वर्षं काय हवेत ओरडते होय मी? या गुडघ्यांनी गोलामागून वळसे घालते ते काय व्यायाम म्हणून?"

दोन वर्षं आपण एकटे आहोत असं समजून तो खेळत होता, आणि ही बाई दर रविवारी त्याचा डावा डोळा होऊन उभी होती. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"कुणाला सांगितलंत?"

"मी काय रेडिओ आहे?"

"अख्खं गाव तेच म्हणतं तुम्हाला."

"म्हणू दे. आता ऐक. गोलकीपरला सांग."

"एरोनीला? अहो, तो बोलतो तरी का! त्याला चेंडू मागायचीसुद्धा लाज वाटते."

"मी जेवू घातलंय त्याला शाळेत. तोंड आहे त्याला, दोनदा भात मागायचा तेव्हा उघडायचं बरोबर."

"प्रोफेसरांच्या कानावर गेलं तर मी बाकावर बसेन, दोना ओतिलिया. हा सामना गेला की माझ्याकडे दुसरा नाही."

"आणि नाही सांगितलंस तर गोल डावीकडून जाईल, आणि एकवीस जणांचं वर्ष बुडेल. मग ते ओझं घेऊन बस बाकावर." तिने ताटली उचलून त्याच्या उजवीकडे ठेवली. "आणि सामना झाला की प्रोफेसरांना तू स्वतः सांगायचंस. पुन्हा त्या डोळ्याला मार नको. शब्द दे."

त्याने शब्द दिला. कुका दोनदा घेतला.

शनिवारी, मोठ्या सामन्याआधीच्या रिवाजाप्रमाणे, संघ गावातल्याच हॉटेलात उतरला. जुसेमारची खोली एरोनीबरोबर होती. दुपारच्या जेवणानंतर, बुटांच्या नाड्या उगाच सोडत-बांधत, त्याने सगळं सांगून टाकलं.

एरोनी आपल्या बुटावरची माती नखाने खरवडू लागला.

"जेवताना मी तुझ्या डावीकडे बसतो," तो म्हणाला. "मीठ मागतो. तू देत नाहीस. मला वाटलं, रागावलायस माझ्यावर. म्हणून मी बोलणंच सोडलं."

"मीठ?"

"हो. मार्चपासून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना. हसणं थांबलं तसा एरोनी पुन्हा गंभीर झाला. "पण मला ओरडता येत नाही रे. आवाज चढवला की वाटतं, आपण कुणाचा तरी अपमान करतोय."

"मग कर ना अपमान. दोन वर्षं मी त्याच्यावरच जगलोय."

रविवारी मैदान इतकं शांत होतं की गवतात बूट रुतल्याचा आवाज यायचा. भिंतीपलीकडे रस्त्यावर गाव जमलं होतं, कानाला रेडिओ लावून. दोना ओतिलियाने खुर्ची भिंतीला टेकवून मांडली होती. तिने ओरडून पाहिलं, नाही असं नाही. पण रेडिओवर कळून तिचं 'डावीकडे!' भिंतीवरून आत येईपर्यंत चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली आणि गप्प बसली. गावाने तिला सामन्यात गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आत एरोनी प्रयत्न करत होता. "जुसेमार, जरा डावीकडे बघशील का, प्लीज..." त्याचं 'प्लीज' पुरं होईपर्यंत समोरच्या नऊ नंबरने चेंडू मारला. तो खांबावर आदळून बाहेर गेला. रिकाम्या मैदानात तो आवाज हातोडा बसावा तसा घुमला.

जुसेमार धावत त्याच्याजवळ गेला. "अरे बाबा, प्लीज राहू दे! मला शिव्या दे!"

"कुठली देऊ?"

"कुठलीही! बाईंची दे!"

हळूहळू एरोनीचा आवाज वाढत गेला. आधी नुसतं "डावीकडे!", मग "मागे, मागे!" मध्यंतरानंतर तो गोलातून चार पावलं पुढे येऊन हात फेकत ओरडू लागला. बाकावर बसलेले प्रोफेसर आदाइर चकित होऊन बघतच राहिले. हा पोरगा त्यांच्याशी वर्षभरात दहा वाक्यं बोलला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. गोलफलक कोरा. समोरच्यांनी त्यांच्या डाव्या बगलेवरून, म्हणजे जुसेमारच्या उजवीकडून, चेंडू उंच टाकला. जुसेमारला चेंडू सुटताना दिसला, आणि मग त्या लोटलेल्या दारामागे गेला. नऊ नंबर कुठे होता तेही दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मैदानावर भीती वाटली.

"ए ओंडक्या! सासरा आला, सासरा! डावीकडे! उडी मार!"

त्याने उडी मारली. कशाकडे, ते त्याला ठाऊक नव्हतं. फक्त तो आवाज खरं बोलतोय एवढं ठाऊक होतं. चेंडू कपाळाच्या बरोबर मधोमध बसला आणि रेषेबाहेर गेला. नऊ नंबरचं डोकं हवेतच राहिलं.

आणि भिंतीपलीकडून हसण्याचा मोठा लोट आला. ती शिवी अख्ख्या गावाच्या ओळखीची होती, फक्त आवाज नवा होता. रेफरीही क्षणभर शिट्टी विसरून भिंतीकडे बघत राहिला.

सामना बरोबरीत सुटला आणि मोइन्यो वर गेला.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे नाचत होते. जुसेमारने प्रोफेसरांना कोपऱ्यात घेतलं आणि शब्द पाळला. प्रोफेसरांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"दोन वर्षं? आणि मी तुला 'डावीकडची भिंत' म्हणून मिरवत होतो!" ते खाली बसले. "पुढच्या वर्षी तू खेळणार नाहीस. कळतंय ना?"

"कळतंय, प्रोफेसर."

"गप्प राहिलास ते चुकलंच तुझं. त्याबद्दल मी उद्या रागावेन, आज जमत नाही." त्यांनी एरोनीकडे पाहिलं. तो बाकावर चढून घसा फोडून गात होता. "याला बोलतं तू केलंस. बचावफळी तू सांभाळ, माझ्या शेजारी बसून. माझ्या उजवीकडे बसू देईन तुला, म्हणजे मी तुझ्या डावीकडे येईन... नको. उलटं बसू. तुला मी दिसलो पाहिजे."

फाटक उघडलं आणि गाव आत शिरलं. त्या गर्दीतून दोना ओतिलिया आली, काखेत खुर्ची, हातात नवा तुंबा. ती आली डावीकडूनच. जुसेमारला ती दिसली नाही. मग ती त्याच्या समोरून वळसा घालून, दुखऱ्या गुडघ्यांनी सावकाश चालत, त्याच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली आणि तिने तुंबा त्याच्यापुढे धरला.

"पी. गरम आहे," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी कुणाला धरू ते सांगून ठेव."

"एरोनी सोडून कुणालाही धरा," जुसेमार म्हणाला. "त्याला आता उलटून बोलता येतं."

"ऐकू येतंय मला!" मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून एरोनी ओरडला.

दोना ओतिलियाने खुर्ची उघडली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मैदानावर ती त्या खुर्चीत बसली.